दांपत्यांच्या धिंडी

इ. स. १६६७ च्या जून महिन्याच्या १० तारखेस, डच आरमार थेम्स नदीच्या मुखात शिरले असता आणि आपली जहाजे वाचवावी कशी या चिंतेने इंग्लंडचे दरबारी हवालदिल झाले असता, नौकाखात्याचा कारभारी सॅम्युएल पीप्स हा सरकारी कामानिमित्त नावेने ग्रीनिच येथे उतरला, तेव्हा घाटाच्या पायऱ्या माणसांनी गजबजून गेलेल्या त्याच्या दृष्टीस पडल्या. शत्रूच्या वार्तेसाठी रयत जमली असावी असे कोणासही वाटले असते; परंतु लोक जमले होते ते धिंड पाहावयास. गावच्या कॉन्स्टेबलास, म्हणजे ज्याच्याकडे राजाच्या नावाने गावचा बंदोबस्त ठेवण्याचे काम सोपविलेले असे त्या गृहस्थास, त्याच्या बायकोने मारले होते, आणि त्या अपराधाची जाहीर नोंद व्हावी म्हणून ही सारी मंडळी परचक्राची फिकीर न करता घाटावर उभी होती. पीप्सने आपल्या रोजनिशीत ही हकीकत एका वाक्यात उरकली आहे. त्याअर्थी असले दृश्य त्यास नवलाचे वाटले नसावे. याच धिंडीचा उल्लेख त्या काळचा कवी आणि पार्लमेंटाचा सभासद अँड्र्यू मार्व्हेल याने डच युद्धातील नामुष्कीवर लिहिलेल्या आपल्या दीर्घ उपहासकाव्यात केला आहे, आणि तेथे तो थट्टेच्या ओघातच असे सुचवितो की, घरातले अपराध कायद्यापेक्षा लज्जेने अधिक चांगले आवरतात हे आपले शहाणे पूर्वज जाणून होते.

पूर्वजांच्या या शहाणपणाचा शिरस्ता साधारणतः असा असे. नवऱ्याला बायकोने मारले, किंवा बायकोने परपुरुषाशी संधान बांधले आणि नवऱ्याने ते मुकाट्याने सोसले, अशी वदंता गावात पसरली की तरुण मंडळी एखादा दिवस मुक्रर करीत. तो बहुधा बाजाराचा वा सणाचा असे, म्हणजे प्रेक्षकांची वाण पडत नसे. एक पुरुष नवरा होई आणि दुसरा झगा घालून बायको होई. दोघांस एका घोड्यावर, गाढवावर किंवा नुसत्या वाशावर बसवीत. नवऱ्याचे तोंड जनावराच्या शेपटीकडे आणि त्याच्या हाती सूत कातण्याची चाती, तर बायकोच्या हाती दुधावरची साय काढण्याची लांब दांड्याची पळी, जिने ती त्याला वाटभर बडवीत राही. पुढेमागे तवे, कढया, पत्र्याचे डबे, गुरांच्या गळ्यातल्या घंटा, बैलांची शिंगे, खाटकांच्या सुऱ्या आणि नळ्यांची हाडे, जे काही वाजेल ते वाजवीत आबालवृद्ध चालत. नैऋत्य इंग्लंडात या प्रकारास स्किमिंग्टन म्हणत, उत्तरेकडे स्टँग, वेल्सच्या डोंगराळ मुलखात केफिल प्रेन म्हणजे लाकडी घोडा. समुद्रापलीकडे फ्रान्सात शारिव्हारी, जर्मनीत कात्सेनम्युझिक आणि स्पेनात सेन्सेराडा. नावे निरनिराळी असली तरी त्या सर्वांत एक गोष्ट समान आढळते: जे संगीत विवाहाच्या वेळी मंगल म्हणून वाजविले जाते त्याचेच हे विडंबन असून, गाव जणू त्या दांपत्याचे लग्न उलट्या दिशेने पुन्हा लावीत असे.

हा प्रकार केवळ अडाणी खेडुतांचा होता असे समजण्याचे मात्र कारण नाही. सॉमरसेट परगण्यात मॉन्टाक्यूट नावाचा एक भव्य वाडा आजही उभा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो सर एडवर्ड फेलिप्स याने बांधविला. हा फेलिप्स नामांकित वकील. पुढे १६०४ साली तो हाउस ऑफ कॉमन्सचा सभापती झाला, आणि पार्लमेंट दारूने उडवून देण्याचा कट करणाऱ्या गाय फॉक्स वगैरे मंडळींवर १६०६ साली खटला चालला तेव्हा सरकारतर्फे आरंभीचे भाषण करण्याचा मान त्यास मिळाला. असा हा कायद्याचा आधारस्तंभ; पण त्याच्या वाड्याच्या दिवाणखान्यात, जेथे पाहुण्यांची पंगत बसे तेथे, भिंतीवर चुनेगच्चीत उठावाने कोरलेले चित्र कसले आहे? डाव्या अंगास नवरा एका हाताने मूल सांभाळीत दुसऱ्या हाताने चोरून बियर ओतून घेत आहे. बायको मागून येऊन पायातला जोडा त्याच्या टाळक्यात हाणीत आहे. शेजारी तो प्रसंग पाहतो आहे. आणि उजव्या अंगास वाशावर बसविलेल्या माणसाची वाजतगाजत धिंड निघाली आहे. न्यायालयात मुद्देसूद पुरावा मागणारा हा वकील जेवताना रोज या दृश्याकडे पाहत असेल, आणि त्यात आपल्या व्यवसायाशी विसंगत असे काही त्यास दिसले नसेल, ही गोष्ट त्या युगाविषयी पुष्कळ सांगून जाते. गावाची धिंड आणि राजाची कचेरी या दोन्ही एकाच व्यवस्थेच्या शाखा आहेत, असाच त्या वेळच्या प्रतिष्ठितांचा समज होता.

भिंतीवरचे चित्र विनोदी वाटते. प्रत्यक्षात काय घडे ते विल्टशायर परगण्यातील कॅन नावाच्या कसब्याजवळच्या क्वेमरफर्ड या वस्तीच्या हकीकतीवरून समजते. चाकूसुऱ्या बनविणाऱ्या एका कारागिराच्या बायकोने नवऱ्याला मारल्याचा बोभाटा झाला, आणि १६१८ सालच्या मे महिन्यात कॅनहून एक जमाव ढोल वाजवीत तिच्या दारावर चालून आला. पहिला जमाव परतविला गेला, पण दुपारी शेकडो माणसे पुन्हा आली, आणि त्यांपैकी काहींच्या हाती बंदुकाही होत्या. मध्ये तांबड्या घोड्यावर एक स्वार. डोक्यास पांढरी रात्रीची टोपी, कानांशी दोन चकाकती शिंगे, हरणाच्या शेपटीची खोटी दाढी, कपड्यांवरून बायकी सदरा. घरासमोर येताच बंदुकांचे बार उडाले, शिंगे फुंकली गेली, घंटा वाजल्या. मग दार फोडून त्या स्त्रीस बाहेर ओढले, चिखलात लोळविले, तुडविले, मारले, आणि कॅनला नेऊन पाण्यात बुचकळण्याचा बेत होता तो मात्र तडीस गेला नाही. नवऱ्याने न्यायाधीशांपुढे फिर्याद गुदरली म्हणूनच त्या टोपीचा आणि हरणाच्या शेपटीचा तपशील आपल्यापर्यंत पोचला. ज्याच्या कैवारासाठी म्हणून गाव धावून आले तोच नवरा गावाविरुद्ध कचेरीत उभा राहिला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. कारण या धिंडींमध्ये मार खाल्लेल्या नवऱ्याची कीव कोणासच आलेली दिसत नाही. त्याचा अपराध बायकोच्या अपराधाहून तसूभरही कमी लेखला जात नसे. मारले तिने, पण राज्य गमावले त्याने.

राज्य हा शब्द मी अलंकार म्हणून योजलेला नाही. १३५१ सालच्या राजद्रोहाच्या कायद्यान्वये इंग्लंडात पत्नीने केलेला पतीचा वध हा साधा खून नसून लघु राजद्रोह मानला जात असे, आणि त्यास शिक्षा खुनाची नव्हे तर द्रोहाची होती: पुरुषास फाशी असे तेथे स्त्रीस जाळीत. जाळण्याची शिक्षा १७९० मध्ये बंद झाली आणि लघु राजद्रोह हा स्वतंत्र अपराध म्हणून १८२८ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिला. ज्या देशात घर हे लहान राज्य आणि नवरा हा त्याचा राजा अशी कायद्याचीच धारणा होती, तेथे बायकोच्या हातातली पळी ही बंडाची निशाणी ठरली आणि गावाने ते बंड आपापल्या परीने मोडून काढले, तर त्यात आश्चर्य कसले? कायद्यानेही अशा स्त्रियांसाठी वेगळी हत्यारे राखून ठेवली होती. तोंडाळ आणि भांडखोर स्त्री हा एक स्वतंत्र फौजदारी गुन्हा असे, पुरुषाच्या तोंडाळपणास मात्र त्यात जागा नव्हती. आणि त्याची सजा म्हणून लांब तुळईच्या टोकास बांधलेल्या खुर्चीत बसवून तिला नदीत बुचकळीत. हेरफर्डशायरमधील लेमिन्स्टर येथे अशी खुर्ची १८०९ साली शेवटची पाण्यात गेली. पुढे १८१७ साली आणखी एका स्त्रीस खुर्चीत बसवून गावभर फिरविले खरे, पण नदीला पाणी अपुरे असल्याने बुचकळणे रहित करावे लागले. तो गुन्हा कायद्यातून रद्द व्हावयास मात्र १९६७ साल उजाडले. इंग्रजांना आपल्या जुन्या वस्तू टाकवत नाहीत, हा त्यांचा स्वभावच आहे.

धिंडीत खुद्द अपराध्यालाच बसविले पाहिजे असा मात्र दंडक नव्हता, आणि मला या प्रथेतला हा भाग सर्वांत विचारार्ह वाटतो. लंडनमध्ये प्रेतयात्रांचे साहित्य पुरविणारा हेन्री मॅचिन नावाचा एक व्यापारी रोजनिशी ठेवीत असे. तीत १५६३ सालची एक नोंद आहे की, चेरिंग क्रॉसजवळ एका माणसास चौघांनी खांद्यावर घेऊन मशाली पाजळून, वाद्ये वाजवीत मिरविले, आणि कारण काय, तर त्याच्या शेजारणीने आपल्या नवऱ्याला मारले होते! शेजारच्या घरात राज्य उलटत असता याने ते निवारले नाही, हा त्याचा गुन्हा. आजच्या वाचकास हे हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या वस्तीत भिंती पातळ, दारे उघडी आणि पगारी पोलीस म्हणून काही नाही, तेथे शेजारधर्म हीच फौजदारी होती, आणि ती बजावण्यात कसूर करणाऱ्यास दंड होणे क्रमप्राप्तच होते.

फ्रान्सात याच कोलाहलाचा रोख वेगळ्या दिशेस असे. तेथेही मार खाणाऱ्या नवऱ्याला गाढवावर उलटे बसवीत. परंतु शारिव्हारीचे मुख्य लक्ष्य म्हणजे पुनर्विवाह. विधुराने तरुण कुमारिकेशी लग्न लावले, किंवा विधवेने दुसऱ्यांदा बोहल्यावर पाय ठेवला, की रात्री खिडकीखाली कढया वाजू लागत आणि नवदांपत्याने पैसे वा मद्य देऊन तोंड बंद करीपर्यंत त्या थांबत नसत. कधी एक रात्र, कधी आठवडाभर. हे काम गावातील अविवाहित तरुणांचे. त्यांच्या रीतसर मंडळ्या असत. ल्यों शहरात तर त्यांनी आपापल्या मंडळ्यांस मठ आणि पुढाऱ्यांस मठाधिपती म्हणण्याचा थाट मांडला होता. त्यांच्या संतापास अर्थशास्त्र होते. लहान गावात लग्नाजोग्या मुली मोजक्या. त्यांतली एक जर पन्नाशीच्या सावकाराने उचलली, तर कोणा तरी तरुणाचे लग्न लांबणीवर पडले. आणि पहिल्या संसाराची मुले असतील तर त्यांच्या वाट्यास सावत्र आई आली आणि मिळकतीत वाटेकरी आले. म्हणून दंड वसूल करावयाचा तो तरुणांनीच. चर्चला हे खपत नसे, कारण विधवाविवाह चर्चने वैध ठरविला होता आणि संस्काराची ही थट्टा त्यास धर्मबाह्य वाटे. चौदाव्या शतकापासून एकामागून एक धर्मसभांनी शारिव्हारीस मनाई केली. इतक्या वेळा मनाई करावी लागली यावरूनच तिचा अंमल किती झाला असेल हे दिसते.

मनाईची पर्वा खेडुतांनी केली नाही आणि राजानेही केली नाही. १३९३ सालच्या जानेवारीत पॅरिसच्या राजवाड्यात राणीच्या एका मानकरणीचा विवाहसोहळा होता. ती विधवा असून पुन्हा लग्न करीत होती. अर्थात थट्टेस परवानगी होती. सहावा चार्ल्स हा तरुण राजा, ज्याला आदल्या वर्षीच वेडाचा पहिला झटका येऊन गेला होता, तो स्वतः पाच सरदारांसह रानटी माणसांचे सोंग घेऊन नाचावयास आला. अंगास चिकटून शिवलेल्या तागाच्या वस्त्रांवर राळ फासून तीवर अंबाडीचे तंतू केसांसारखे चिकटविलेले होते. मशाली दूर ठेवण्याचा हुकूम होता. पण राजाचा भाऊ ऑर्लियाँचा ड्यूक उशिरा आला आणि हे सोंगाडे कोण ते पाहावे म्हणून त्याने मशाल जवळ नेली. क्षणात सोंगे पेटली. राजा तेवढ्यात बेरीच्या डचेसपाशी थट्टामस्करी करीत उभा होता. तिने आपल्या घेरदार झग्याखाली त्यास झाकले म्हणून तो वाचला. एका सरदाराने धावत जाऊन भांडी विसळण्याच्या पाण्याच्या पिंपात उडी घेतली. उरलेले चौघे भाजून मेले. पॅरिसची प्रजा राजाच्या चुलत्यांवर आणि भावावर इतकी खवळली की दरबारास जाहीर प्रायश्चित्त करावे लागले. एका विधवेच्या विवाहास हसण्याची इतकी मोठी किंमत क्वचितच कोणी मोजली असेल.

येथे महाराष्ट्रीय वाचकाच्या मनात एक तुलना आल्याखेरीज राहणार नाही. गाढवावर उलटे बसवून, पाच पाट काढून, तोंडास काळे फासून धिंड काढणे आपणांस अपरिचित नाही. १७९१ साली पुण्याच्या घाशीराम कोतवालाचा शेवट झाला त्याआधी त्याचीही धिंड निघाली होती. परंतु दांपत्याच्या खाजगी वर्तनाबद्दल जमावाने थाळ्या वाजवीत दारात यावे, ही रीत आपल्याकडे रुजलेली दिसत नाही, आणि याचे कारण आपण अधिक दयाळू होतो हे नसून आपल्याकडील यंत्रणा अधिक पद्धतशीर होती हे असावे, असे माझे मत आहे. शिंदळकीच्या तक्रारीची चौकशी होई, दंड सरकारजमा होई. गोतसभा बसे, जबान्या घेई, प्रायश्चित्त सांगे आणि ते पार पडले की पंक्तिपावन करून घेई. जेथे जात हे कायमचे न्यायासन होते तेथे शिमग्यापुरत्या बोंबा पुरे होत. पुनर्विवाहाच्या बाबतीत तर दोन्ही देशांचे कानून अगदी उलट होते. फ्रेंच खेडे ज्या विधुराच्या खिडकीखाली कढया वाजवी, तसला वृद्ध बिजवर आमच्या उच्चवर्णीय समाजात सनई-चौघड्यात मिरवत असे. त्याच्याविरुद्ध जो काय कोलाहल व्हावयाचा तो १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ने केला, आणि त्यातल्या म्हाताऱ्या वराला, भुजंगनाथाला, प्रेक्षक हसले ते पाहता देवलांची शारिव्हारी चांगलीच वाजली म्हणावयाची. उलटपक्षी विधवेशी विवाह करणाऱ्यास आमच्याकडे आवाजाची शिक्षा नव्हती, मौनाची होती. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवाविवाह केला तेव्हा त्यांच्या मुरुड या गावच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांची सावली पडेल त्या बैठकीत कोणी बसावयाचे नाही असे ठरले. फ्रेंच वधूवरांना एक पिंप मद्य देऊन सुटका करून घेता येत असे. मुरुडच्या शांततेस अशी ठरलेली किंमत नव्हती.

गावाच्या हाती एकदा आवाज आला की तो कोणत्या दारावर वाजवावयाचा हे गावच ठरविते, आणि म्हणून सरकारला ही प्रथा जितकी सोयीची होती तितकीच धोक्याचीही ठरली. १६२६ ते १६३२ या काळात राजा पहिला चार्ल्स याने पश्चिम इंग्लंडातील राखीव अरण्ये कुंपणे घालून खाजगी मालकांना देण्यास आरंभ केला, तेव्हा गुरे चारण्याचा आणि सरपणाचा वहिवाटीचा हक्क गमावलेल्या रयतेने जिलिंगहॅम, ब्रेडन आणि डीन या अरण्यांत कुंपणे उखडून टाकली, आणि तिचे म्होरके स्त्रीवेष धारण करून स्वतःस ‘लेडी स्किमिंग्टन’ म्हणवू लागले. धिंडीतली बायको येथे बंडाची सेनापती झाली. पकडल्या गेलेल्यांपैकी काहींना सरकारने बायकी कपड्यांतच खोड्यात उभे केले. म्हणजे धिंडीला धिंडीनेच उत्तर दिले. वेल्समध्ये हेच दोनशे वर्षांनी घडले. १८३९ पासून १८४३ पर्यंत, रस्त्यावरील जकातीने गांजलेले शेतकरी तोंडास काजळ फासून आणि स्त्रियांचे झगे घालून रात्री नाक्यांचे दरवाजे तोडीत हिंडत. त्यांच्या पुढाऱ्यास ‘रिबेका’ म्हणत. ज्या मुलखात केफिल प्रेन निघे त्याच मुलखात ही बंडाळी उसळली, आणि वेष, काजळ, शिंगे, रात्रीची वेळ हे सारे साहित्य तिने तेथूनच उचलले. अनौरस मुलाच्या बापास मोकळे सोडणाऱ्या १८३४ च्या नव्या कायद्याने गाव चिडले होते. तेव्हा रिबेकेने जकातनाक्यांबरोबर असल्या बापांच्या दारांवरही काठी आपटली.

या शेवटच्या गोष्टीत एका मोठ्या स्थित्यंतराची चाहूल आहे. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः उत्तर इंग्लंडात, स्टँगचा रोख हळूहळू फिरला. पूर्वी बायकोचा मार खाणारा नवरा वाशावर बसे. आता बायकोला मारणाऱ्या नवऱ्याच्या खिडकीखाली तीन रात्री डबे वाजू लागले. एक पोरगा शिडीवर उभा राहून त्याच्या पराक्रमाची कवने म्हणे आणि तिसऱ्या रात्री त्याचा पेंढ्याचा पुतळा जाळीत. काही परगण्यांत तर वाद्यांचीही गरज पडत नसे: पहाटे दार उघडताच उंबऱ्याबाहेर धान्याचा कोंडा पसरलेला दिसे, आणि या घरात मळणी चालते हे सर्व गल्लीस कळून चुके. इतिहासकार ई. पी. टॉम्प्सन याने या ‘रफ म्यूझिक’चा, म्हणजे या कर्कश वाजंत्रीच्या प्रथेचा, कसून अभ्यास केला; स्त्रीला मारहाण करणारे पुरुष या प्रथेचे ठळक लक्ष्य झाले ते एकोणिसाव्या शतकातच, असा त्याचा निष्कर्ष आहे. यावरून खेडुतांचे हृदय मृदू झाले असे म्हणावे, तर ज्या गल्लीत कोंडा पसरला त्याच गल्लीत पुढच्या महिन्यात एखाद्या बदनाम स्त्रीच्या दारातही तेच डबे वाजत. फरक पडला होता तो बाहेरच्या जगात. घरातला राजा ही कल्पना कायद्यातून क्षीण होत होती; १८५७ च्या कायद्याने घटस्फोटासाठी दिवाणी न्यायालय स्थापन झाले, १८७८ च्या कायद्याने मारहाण सोसणाऱ्या पत्नीस विभक्त राहण्याचा हुकूम देण्याचा अधिकार न्यायाधीशांस मिळाला, आणि डबे वाजविणाऱ्यांनी तो बदल आपल्या कानांनी टिपला.

बव्हेरियाच्या डोंगराळ भागातील हाबरफेल्डट्राइबेन हा या कुळातला सर्वांत नाटकी प्रकार. काजळ फासलेले शेकडो पुरुष रात्री कडे करून उभे राहत, बंदुका झाडीत, मग एक जण यादी काढून गावातील व्यभिचारांची, लबाडीची आणि कधी पाद्र्यांच्याही पराक्रमांची पद्यमय वाचणी करी, आणि शेवटी उन्टर्सबेर्क पर्वताच्या उदरात निद्रिस्त असलेल्या सम्राट कार्लच्या नावाने जणू सही-शिक्का होई. तेथील धर्मगुरूंनी बहिष्काराची धमकी दिली, सरकारने शिपाई धाडले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात चकमकी झाल्या, माणसे तुरुंगात गेली आणि प्रकार थंडावला.

इंग्लंडात या धिंडीचे जे चित्र आज वाचकांच्या मनात ठसलेले आहे ते टॉमस हार्डीचे. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ या कादंबरीत हेंचर्ड आणि ल्युसेटा यांचे पूर्वीचे संबंध उघडकीस येताच गावगुंड त्या दोघांचे पुतळे पाठीला पाठ लावून गाढवावर बांधून मिरवितात. गरोदर ल्युसेटा ते खिडकीतून पाहते, घेरी येऊन कोसळते आणि त्यातच तिचा अंत होतो. त्या रात्री शिपाई आपले दंडुके लपवून बोळात दडून बसतात, आणि शोध करू गेल्यावर गावात एकाही माणसाने काही पाहिले वा ऐकलेले नसते. हार्डीला हे लोक ओळखीचे होते. सतराव्या शतकापासूनच न्यायालये अशा धिंडीस दंगा ठरवीत आली होती, परंतु साक्षीदार मिळत नाही तोवर त्या निवाड्यांचा उपयोग काय! १८५६ च्या कायद्याने प्रत्येक परगण्यास पगारी पोलीस ठेवणे भाग पडले, पक्के रस्ते आणि आगगाड्या यांनी तरुण मंडळी शहराकडे नेली, आणि ज्यांना एकमेकांच्या घरातले सर्व ठाऊक असते असे शेजारी दुर्मिळ झाले. एवढ्याने या प्रथेचा पाया खचला. अमेरिकेत ती फ्रेंच वसाहतवाल्यांबरोबर गेली होती. तेथे तिचे दात पडून ती नव्या जोडप्याच्या रात्री डबे वाजवून मिठाई मागण्याचा खेळ बनली.

नाव मात्र भलत्याच ठिकाणी जाऊन बसले. १८३२ साली शार्ल फिलिपाँ याने पॅरिसमध्ये ‘ल शारिव्हारी’ नावाचे सचित्र विनोदी दैनिक काढले. खिडकीखाली वाजणाऱ्या कढयांची जागा आता दोमिएच्या व्यंगचित्रांनी घेतली, आणि नवरा-बायकोऐवजी मंत्री व न्यायाधीश गाढवावर चढले. १८४१ साली लंडनला निघालेल्या ‘पंच’ पत्राने ‘लंडनचे शारिव्हारी’ असे उपनाव त्यावरूनच घेतले. त्या ‘पंच’चा वंशविस्तार आमच्या मुंबईत ‘हिंदी पंच’ आणि ठाण्यास ‘हिंदू पंच’ या पत्रांपर्यंत झाला. ठाण्याच्या ‘हिंदू पंच’ने गोपाळ कृष्ण गोखल्यांची अशी काही धिंड काढली की त्यांना अब्रुनुकसानीची फिर्याद करावी लागली, आणि निकाल गोखल्यांच्या बाजूने लागला; क्वेमरफर्डच्या कारागिरास कचेरीतून काय मिळाले असेल ते असो, गोखल्यांना न्याय मिळाला.

खऱ्याखुऱ्या गाढवावरची मिरवणूक मात्र आपल्याकडे आजही एके ठिकाणी निघते. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात विडा या गावी धुळवडीच्या दिवशी गावच्या एका जावयास गाढवावर बसवून गुलालाच्या वर्षावात गल्लोगल्ली मिरविण्याची चाल कित्येक पिढ्यांची आहे. युरोपीय प्रथेशी तिचा नातेसंबंध काही नाही. पण जावई हा आपल्या समाजात सर्वांत मानाचा पाहुणा, आणि वर्षातून एक दिवस त्याच मानाची परतफेड गाढवाच्या पाठीवर व्हावी, यातली गावाची नजर ओळखीची वाटते. सण जवळ आला की गावात राहणारे जावई परगावी पसार होऊ लागतात. तरुणांची पथके त्यांच्या पाळतीवर राहतात. एखादा सापडला की त्याला धुळवडीपर्यंत नजरकैदेत ठेवतात. अपराध कोणताही नसतो. मिरवणूक संपल्यावर त्यास नवे कपडे आणि सोन्याची अंगठी देतात.